पुढचे दहा, मागचे नऊ

माझ्या बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम एक खडू असायचा. शाळेतला साधा पांढरा खडू, अर्धा तुटलेला. भिजवलेले कपडे धुवायला घेताना आई खिसा झटकायची आणि म्हणायची, "इले आमचे मास्तर!" साबणाच्या पाण्यात भिजून त्या खडूचा लगदा झालेला असायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या खिशात नवा खडू. पेन त्यांनी कधी ठेवलं नाही.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा होता. एका बाजूला प्लॅस्टिकच्या बरण्या बनवणारे, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके छापणारे, आणि मध्ये आम्ही. काम एकच, गियरबॉक्स आणि डिफरन्शियल. इंजिनाला हात लावायचा नाही, डेंटिंग-पेंटिंग करायचं नाही. मागच्या ॲक्सलमधून आवाज येतो, चाक अडकतं, गियर पडत नाही, असल्या गाड्या बोरिवलीपासून वाकोल्यापर्यंतचे गॅरेजवाले आमच्याकडे पाठवायचे. "तिथे म्हातारा आहे, तो बघेल," असं सांगून.

त्या गाळ्यात एक नियम होता. दात मोजायचे, माप घ्यायचं, ते फक्त मिस्त्रीने. मिस्त्री मोजणार, आकडा मोठ्याने बोलणार, आणि खडूने लोखंडावर लिहिणार. लिहिलं की संपलं. त्यानंतर दुसऱ्या कोणी तो दात परत मोजायचा नाही. मागून मोजणं म्हणजे मिस्त्रीला तोंडावर खोटा म्हणणं. हा नियम बाबांनी गिरणीतून आणला होता. मिसरूड फुटायच्या आत ते गिरणीच्या फिटर खात्यात लागले होते आणि तिथल्या त्यांच्या वस्तादाचा तो नियम होता. गिरणी गेली, तिच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला, वस्ताद गावाला जाऊन वारला. नियम तेवढा जिवंत राहिला, आणि माझ्या नशिबी आला.

मी डिप्लोमा केला, मेकॅनिकल. वर्गात साठ मुलगे आणि आम्ही चार मुली. बाकीच्या तिघी कॉम्प्युटरच्या नोकरीला लागल्या. मी गाळ्यात आले, कारण मला लोखंड आवडायचं. खरंच आवडायचं, उगाच नाटक नाही. रॉकेलमधून धुऊन काढलेलं बेरिंग बोटावर फिरवलं की ते जे गुळगुळीत फिरतं, त्यात मला जी मजा यायची ती दुसऱ्या कशात आली नाही. माझा धाकटा भाऊ अंधेरीला एका बँकेच्या एसी ऑफिसात बसायचा. त्याला पाना आणि पक्कड यातला फरक विचारला तर तो गूगल करेल. पण गाळ्यात कोणी आलं की पहिला प्रश्न हाच, "मुलगा नाही येत का धंद्यात?" आणि मी तिथे कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. मला बघून विचारायचे, "मॅडम, बिल तुम्ही बनवता ना?" डोंबल बनवते! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.  बाबा खडू खिशात सारून कामाला लागायचे.

सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. क्राऊन आणि पिनियन बसवायला शिकले. डिफरन्शियलच्या पोटात दोन गियर असतात, क्राऊन हे मोठं चाक आणि पिनियन हा त्याला फिरवणारा छोटा. त्यांच्यात कागदाच्या जाडीएवढी मोकळीक ठेवावी लागते. जास्त झाली तर गाडी रडते, कमी झाली तर जळते. पातळ पत्र्याच्या चकत्या घालून ती साधायची, मग दातांना निळा रंग लावून फिरवायचं आणि रंग दाताच्या कुठल्या भागावर उमटतो ते बघायचं. मध्यावर उमटला तर झकास. नाहीतर परत खोला, परत चकत्या बदला. एकेका कामाला दोन-दोन दिवस जायचे. हे सगळं मला येत होतं. बाबांपेक्षा चांगलं येत होतं, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. फक्त खडू माझ्याकडे नव्हता.

त्या वर्षी गणपतीनंतर मुलुंडचे एक साहेब आले. आर्किटेक्ट होते, पन्नाशीचे, बोलायला अगदी सभ्य. त्यांनी फोर बाय फोर पिकअप घेतली होती आणि मुरबाडच्या पुढे त्यांची जमीन होती, तिथे ती चढवायची हौस. हौसेने त्यांनी कंपनीचे टायर काढून हे भलेमोठे टायर घातले, आणि मग गाडी चढावर दम टाकायला लागली. टाकणारच. टायर मोठा झाला की इंजिनाला तेच चाक फिरवायला जास्त जोर लागतो. त्यावर उपाय एकच, ॲक्सलमधला गियरचा हिशेब बदलायचा. त्यांच्या गाडीत पिनियनला दहा दात होते आणि क्राऊनला एकेचाळीस. पिनियन नऊ दातांचा घातला की तो चाकाच्या एका फेऱ्यामागे जास्त फेरे मारतो, गाडी थोडी हळू होते पण ओढते जोरात.

यात एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची असते. फोर बाय फोर गाडीला दोन डिफरन्शियल असतात, एक पुढच्या ॲक्सलमध्ये, एक मागच्या. बदलायचे तर दोन्ही बदलायचे, आणि दोन्हीकडे तोच आकडा हवा. पुढे एक आणि मागे दुसरा असेल तर नुसत्या मागच्या चाकांवर गाडी चालते, काही कळत नाही. पण इंजिनाला चारही चाकं जोडली की पुढची चाकं एका वेगाने जायला बघतात आणि मागची दुसऱ्या. तीन पायांच्या शर्यतीत दोघांचे पाय बांधून एकाने लांब ढांगा टाकल्या तर काय होईल, तेच. काहीतरी तुटतं.

साहेबांनी दोन्ही सेट स्वतःच आणले होते. मागचा नवा, खोक्यातला. पुढचा नवा मिळत नव्हता म्हणून कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून, जुना पण चांगला. त्याच्यावर भंगारवाल्याने तारेने चिठ्ठी बांधली होती, मोठ्या जाड अक्षरात, 'पुढचा ९/४१'.

बाबांनी त्या दिवशी साहेबांसमोर सांगितलं, "मागचा ॲक्सल ही करेल. पुढचा मी." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हे काम नीट झालं तर दसऱ्याला खडू हिच्या हातात देणार आहे."

साहेबांना त्याचा अर्थ कळला नाही, ते आपले हसले. मला कळला. खडू हातात म्हणजे मी मिस्त्री. म्हणजे गाळा माझा. भाऊ एसीत बसू दे, गाळा माझा! त्या दिवशी मी जेवले नाही, भूकच लागली नाही. आईने डबा तसाच परत आलेला बघितला आणि विचारलं, "बरी आसस मा गो?" मी म्हटलं, "मस्त आहे."

आता बाबांच्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. त्यांना मोतीबिंदू झाला होता. हे घरात कोणी बोलत नसे. ते पेपर हातभर लांब धरायचे, मग खिडकीशी न्यायचे, मग "आज छपाई वाईट हा" म्हणून ठेवून द्यायचे. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "माका दिसता." मोजायला मात्र ते अजून डोळ्यानेच मोजायचे. दात उजेडाकडे धरायचे, अंगठ्याने एकेक पुढे सरकवायचे, आणि त्यांचे ओठ हलायचे. एक, दोन, तीन, असे ओठ हलताना स्पष्ट दिसायचे. लहानपणी मी ते ओठ बघूनच आकडे शिकले असं आई सांगायची.

पुढचा सेट त्यांनी हातात घेतला तेव्हा मी समोरच होते. क्राऊन त्यांनी मोजलं. ओठ हलले. "एकेचाळीस." मग पिनियन उचलला, उजेडाकडे धरला, अंगठा फिरवला. ओठ हलले नाहीत. त्यांनी चिठ्ठीकडे बघितलं, पिनियन खाली ठेवला, आणि मोठ्याने म्हणाले, "नऊ." खडू काढला आणि पुढच्या हाउसिंगवर, डिफरन्शियलच्या लोखंडी कवचावर, लिहिलं, ९.

 मी परत मागच्या ॲक्सलमध्ये डोकं घातलं. पण ओठ हलले नाहीत, हे डोक्यात राहिलं.

दुपारी मी सुटे भाग रॉकेलच्या ट्रेमध्ये धुवायला घेतले. बाबांचा पिनियनही त्यात होता. धुताना ब्रश एकेका खाचेतून जातो, आणि ब्रश गेला की बोटं आपोआप मोजतात. मी मोजायला बसले नव्हते, हे आजही देवाशपथ सांगते. बोटांनी मोजलं. दहा. मला वाटलं, सुरुवात चुकली. एका दाताला ग्रीसचा ठिपका लावला आणि परत मोजलं. दहा. तिसऱ्यांदा मोजलं. दहाच.

म्हणजे आम्ही पुढचा चांगला दहाचा पिनियन काढून त्याच्या जागी भंगारातला दहाचा घालत होतो. आणि मागे नऊ.

मी मान वर केली. बाबा साहेबांना चहा देत होते. खोकेवाले शेजारीही येऊन उभे होते, बाबा त्यांना सांगत होते की हल्लीच्या मिस्त्रींना दात मोजता येत नाहीत, कॉम्प्युटर लावतात. सगळे हसत होते. मी म्हटलं, "बाबा, हा पुढचा पिनियन एकदा..."

"काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबाही. त्यांची नजर माझ्या तोंडाच्या थोडी बाजूला लागली होती, हल्ली तशीच लागायची. मला दसरा दिसला. आठ दिवसांवर होता.

"पुसून ठेवते म्हटलं," मी म्हणाले.

मूग गिळून बसायला मला कोणी शिकवलं नव्हतं. मी तर भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. आमच्या सेक्टरात पाण्याच्या टँकरवाल्याला मी रडवलेला. आणि तिथे, एका दातासाठी, माझी वाचा बसली.

घरी गेल्यावर मात्र मी बोलले. बाबा जेवत होते, आई भाकरी टाकत होती. मी म्हटलं, "बाबा, मला दहा लागले."

त्यांना लगेच कळलं. कसले दहा, कुठले दहा, असं विचारलंसुद्धा नाही. घास हातात तसाच राहिला.

"मागसून मोजलंस?"

"धुताना कळलं. मुद्दाम नाही मोजले."

"तू माका शिकवतंस?"

"बाबा, तुम्ही मोजलेच नाहीत. तुमचे ओठ हलले नाहीत." हे बोलायला नको होतं. पण गेलं तोंडातून. "चिठ्ठी वाचून सांगितलंत तुम्ही. तुम्हाला दिसत नाही."

आईचा हात तव्यावर थांबला. बाबांनी ताट पुढे सरकवलं, पाण्याने हात धुतला आणि उठले. दारात जाऊन पाठमोरे उभे राहिले. मग म्हणाले, "उद्या बघतंय. गप रव आता."

मला बरं वाटलं. उद्या बघतील, परत मोजतील, मनातल्या मनात खजील होतील, काहीतरी सबब सांगून दुसरा सेट मागवतील. मी एक शब्द बोलणार नाही. असं सगळं मी ठरवून टाकलं होतं. कपाळ माझं!

दुसऱ्या दिवशी मी रोजच्या वेळेला, नऊला गाळ्यात पोचले. बाबा सातलाच गेले होते. पुढचा ॲक्सल बंद होता. बोल्ट आवळलेले, ऑइल भरलेलं, बाहेरून कापडाने पुसून लख्ख. आणि त्यावर खडूने परत एकदा लिहिलेला ९, आधीपेक्षा मोठा.

 त्यांनी मोजलं होतं का? मोजून, दहा आहेत हे कळूनही बंद केलं? की मोजायची हिंमतच झाली नाही, म्हणून मी यायच्या आत झाकून टाकलं? हा प्रश्न मला अजून छळतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा दुसरं जास्त छळतं.

आता इथे माझीही चूक आहे, ती मी लपवत नाही. माझ्याकडे साहेबांचा नंबर होता. एक फोन करायचा होता. किंवा गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं जोडून हाताने फिरवून दाखवायची होती, पाच मिनिटांत सगळ्यांना दिसलं असतं. मी केलं नाही. मी मागचा ॲक्सल पुरा केला, निळा रंग असा मधोमध उमटला की फोटो काढून ठेवावा. काढलाही. टेस्टला मी स्वतः गाडी घेऊन गोराई रोडला गेले आणि आले, मागच्या चाकांवर. मस्त ओढत होती. साहेब खूश. बाबांनी त्यांना बजावलं, "फोर बाय फोर डांबरी रस्त्यावर टाकू नका हां. मातीत, चढावरच टाका." साहेब गाडी घेऊन गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही सगळी हत्यारं डिझेलने धुतली, फळीवर मांडली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं प्रसादाला आली. बाबांनी खिशातून खडू काढला. नवा, अख्खा, न तुटलेला. त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि माझ्या तळहातावर ठेवला. "आजपासून ही मिस्त्री," म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई रडली. भाऊ पण आला होता, त्याने माझ्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, "वाट लागली आता गाड्यांची!"

मी खडू घेतला. तो कशाबद्दल मिळतोय हे मला कळत होतं, बाबांनाही कळत होतं, आणि तरी मी घेतला आणि वाकून त्यांच्या पाया पडले. इतकी वर्षं त्या क्षणासाठी झुरले होते, आणि आला तेव्हा मला फक्त हात धुवावेसे वाटत होते.

दिवाळीच्या सुट्टीत साहेब बायकोला आणि आईला घेऊन मुरबाडला गेले. कातळावरचा ओला चढ होता. त्यांनी चारही चाकं जोडली. अर्ध्या चढावर गाडीच्या पोटातून मोठा आवाज आला, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी जी पेटी असते तिला तडा गेला, आतले गियर फुटले, आणि गाडी मागे घरंगळली. बांधाचा दगड होता म्हणून अडली. कोणाला लागलं नाही. पण साहेबांची आई ऐंशीची, ती त्या दिवसापासून त्या गाडीत बसली नाही, असं ते नंतर म्हणाले. 

गाडी त्यांनी आमच्याकडे आणली नाही. ठाण्याच्या गॅरेजला नेली. तिथे पुढचा ॲक्सल उघडला. आणि एका सकाळी साहेब प्लॅस्टिकच्या पिशवीत तो पिनियन घेऊन आमच्या गाळ्यात आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मिस्त्री, ह्याला दहा दात आहेत. मागे नऊ. हे कसं झालं?"

खोकेवाले, बरणीवाले, सगळे दारात जमले. बाबांनी पिनियन पिशवीतून काढला. हातात फिरवला. ओठ हलले नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दोन्ही ॲक्सल पोरीनेच केले, साहेब," ते म्हणाले. "पुढचा मी करणार होतो, पण हौस होती तिला. मी म्हटलं, कर."

 मी त्यांच्याकडे बघत राहिले, की आता पुढे काहीतरी म्हणतील, सावरतील. काही नाही. त्यांनी पिनियन टेबलावर ठेवला आणि रुमालाने हात पुसले.

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

माझ्या फोनमध्ये मागच्या ॲक्सलचा फोटो होता. पुढच्या हाउसिंगवरचा तो मोठा ९ बाबांच्या अक्षरात होता, तो साहेबांनी स्वतः बघितला होता. मी तोंड उघडलं असतं तर एका मिनिटात सगळं फिरलं असतं. पण दारात माणसं उभी होती, आणि बाबा पुसलेलेच हात परत परत पुसत होते.  मी म्हटलं, "सॉरी, साहेब. माझी चूक झाली." आणि माझ्या खिशातला खडू काढून टेबलावर, त्या पिनियनच्या शेजारी ठेवला.

लोकांना वाटेल, किती मोठं मन. मोठं मन वगैरे काही नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मला वाटत होतं, घ्या, हे पण घ्या, पोट भरू दे तुमचं. आणि मला वाटत होतं की संध्याकाळी घरी आल्यावर ते काहीतरी बोलतील. एक शब्द. 'चुकला माझा' एवढंच, दोन शब्द. संध्याकाळी ते आले, जेवले, आणि टीव्हीवर बातम्या बघत बसले. आवाज मोठा करून.

त्यानंतर बोरिवली-वाकोल्याच्या गॅरेजवाल्यांनी गाड्या पाठवणं कमी केलं. 'तिथे आता पोरगी करते' एवढं पसरायला पुरतं. शिमग्याच्या सुमाराला बाबांनी गाळा भावाच्या नावावर केला आणि भावाने तो खोकेवाल्यांना भाड्याने दिला. मला विचारलं नाही. मला सांगितलं, तेही आईने. हत्यारं विकली. मी पवईला एका मोठ्या शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागले. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. गिऱ्हाईक येतं, गाडीतून काय आवाज येतो सांगतं, मी टॅबवर लिहिते आणि गाडी आत जाते. आत जायची मला परवानगी नाही. माझी नखं आता स्वच्छ असतात. आई म्हणते, किती छान दिसतात.

घर मात्र तेच राहिलं. लग्न केलं नाही, म्हणून मी त्यांच्यातच राहते. बाबांशी बोलते, का नाही बोलणार. औषध घेतलंत का, पंखा लावू का, रिक्षा बोलावू का. भांडण नाही, तंटा नाही. फक्त त्या विषयावर एक शब्द कधी निघाला नाही.

गेल्या वर्षी भावाने त्यांना धरून नेलं आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं केली. पट्टी सुटली आणि बाबा हरखून गेले. भिंतीवरचे डाग दिसायला लागले, आईचे पांढरे केस दिसायला लागले, आणि ते दिवसभर सगळ्यांना सांगायला लागले. पेपर पुन्हा हातात धरून वाचू लागले. छपाई एकदम सुधारली.

एका रविवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबा पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढून काढत होते. उघडला. आत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. कापड सोडलं, आणि मला तो लगेच ओळखू आला. हत्यारं विकली, गाळा गेला, पण हा त्यांनी ठेवला होता. थोडा गंज चढला होता. ते खिडकीपाशी जाऊन बसले, पिनियन उजेडाकडे धरला, आणि अंगठा फिरवायला लागले. ओठ हलत होते. एक, दोन, तीन. मी हातातली साडी तशीच धरून बघत होते. शेवटी ते थांबले. परत मोजलं. परत थांबले.

"दहाच आसत गो," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी नजर बरोबर माझ्या डोळ्यांत आली. "तू सांगितलंस ता बरोबर होता."

इतकी वर्षं मी हे ऐकायची वाट बघितली होती. ऐकल्यावर काय करेन, काय बोलेन, हे बसमध्ये, टॅबवर लिहिताना, भांडी घासताना किती वेळा घोळवलं होतं. रडेन असं वाटायचं. पण ऐकलं, आणि आत काहीच हललं नाही.

बाबांनी पिनियन माझ्यापुढे धरला. दुसऱ्या हाताने शर्टाच्या खिशात चाचपलं. खिशात खडू होता. गाळा जाऊन इतकी वर्षं झाली आणि त्या माणसाच्या खिशात खडू होता! तोही त्यांनी पुढे केला. "घे," म्हणाले. "तू मोज बघूया. मोज आणि लिव."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने मला डोळ्यांनी खुणावलं, घे म्हणून. बाबांचे दोन्ही हात पुढे होते, एकात लोखंड, एकात खडू. त्यांचे डोळे भरले होते. म्हातारे दिसत होते, फार म्हातारे. मला दया यायला हवी होती. आलीही असेल, कुठेतरी खोल.

"मिस्त्रीने मोजलंय ना, बाबा," मी म्हटलं. "मग मागून मोजत नाहीत."

त्यांचे हात तसेच राहिले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लाजही वाटली नाही, त्या क्षणी नाही वाटली. मी साडीची घडी पुरी केली, बाकीचे कपडे उचलले आणि आतल्या खोलीत कपाटात लावायला गेले. परत बाहेर आले तेव्हा बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते, खडू मांडीवर पडला होता, आणि ते पिनियन फिरवत होते. ओठ हलत होते. दहापर्यंत जायचे, थांबायचे, आणि परत एकपासून सुरुवात करायचे.